दार लावायचं, काहीतरी भरायचं की स्टे आणायचा? जप्तीच्या सल्ल्यावरून होणाऱ्या वादाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पारोळा-अमळनेर भागात तुम्ही काही जण मिळून कर्जात अडकलेल्या लोकांना मदत करता. तुमच्यातल्या एका भाऊंचं म्हणणं, जप्तीवाले आले की दार लावून घ्यायचं, कागद घ्यायचा नाही, कुठेही सही करायची नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, वाकडं वागू नये, काहीतरी रक्कम भरून मुदत मागावी. तिसऱ्या ताई सांगतात, पहिल्याच दिवशी वकील गाठून स्टे, म्हणजे कोर्टाची स्थगिती, आणावा. गावातली माणसं तिघांना विचारतात, तीन उत्तरं ऐकतात आणि गोंधळून घरी जातात. यात बरोबर कोण, असं तुम्ही विचारलं आहे.

मी दिवाणी बाजूला वकिली करतो. दरखास्तीच्या, म्हणजे निकालाच्या बजावणीच्या, कामात धनकोकडूनही (ज्याचे पैसे येणे आहेत) उभा राहिलो आहे आणि ऋणकोकडूनही (ज्याला ते द्यायचे आहेत). तुमच्या तिघांचा सल्ला कुठे ना कुठे बरोबर ठरलेला आहे आणि म्हणूनच कोणी मागे हटत नाही. दार लावणाऱ्या भाऊंनी बहुधा फायनान्सवाल्यांची दांडगाई पाहिली असेल. भरणा करा म्हणणाऱ्यांनी पतसंस्थेतलं एखादं प्रकरण गोडीनं मिटलेलं पाहिलं असेल. ताईंनी बँकेची नोटीस आणि घरावरचा ताबा पाहिला असेल. प्रत्येकानं आपण पाहिलेली वसुली सगळ्यांना लावली, आणि चूक तिथे होते. दाराशी कोण उभं आहे आणि त्याच्या हातात कोणता कागद आहे, हे कळल्याशिवाय यातला एकही सल्ला देऊ नका. फोनवर तर मुळीच नाही. 'कागदाचा फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचा' हे तुमचं पहिलं वाक्य असू द्या.

आता एकेक घेऊ. कोर्टाच्या बेलीफापासून सुरुवात करतो, कारण लोक सगळ्यांत जास्त त्याला घाबरतात आणि सगळ्यांत चुकीचा सल्लाही त्याच्याचबद्दल दिला जातो.

बेलीफ स्वतःच्या मर्जीनं येत नाही. आधी दावा झालेला असतो, दाव्याचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल-आदेश, झालेला असतो, त्याच्या बजावणीसाठी धनकोनं दरखास्त लावलेली असते आणि त्या दरखास्तीत कोर्टानं वॉरंट काढलेलं असतं. ते नाझरकडून (बेलीफांवर देखरेख करणाऱ्या कोर्टाच्या अधिकाऱ्याकडून) बेलीफाच्या हातात येतं. वॉरंटावर तारीख, सही, कोर्टाचा शिक्का आणि कोणत्या दिवसापर्यंत बजावणी करायची तो दिवस असावाच लागतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चा आदेश २१, नियम २४ तसं सांगतो. दरखास्त क्रमांक, रक्कम आणि हा मुदतीचा दिवस, या तीन गोष्टी वाचून वहीत उतरवून घ्यायला घरातली दहावीतली मुलगीही पुरेशी आहे. तिला आधी शिकवून ठेवा.

याच्यासमोर दार लावलं तर काय होतं? संहितेचं कलम ६२ दोन बाजूंनी बोलतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात शिरता येत नाही, हे ऋणकोच्या बाजूचं. पण घर ऋणकोच्याच ताब्यात असेल आणि तो आत येऊ देत नसेल, तर बाहेरचं दारसुद्धा तोडता येतं, हे दुसऱ्या बाजूचं. दार लावा म्हणणारे ही दुसरी बाजू सांगत नाहीत. मोबाईलवर फिरणारे काही व्हिडिओ इंग्लंडमधले असतात. तिकडे साध्या कर्जासाठी आलेल्या बेलीफाला पहिल्या भेटीत दार तोडून घरात शिरता येत नाही, म्हणून तिथले सल्लागार दार उघडू नका म्हणतात आणि ते तिथे बरोबर असतं. आपल्याकडे तेच केलं की बेलीफ 'अडथळा केला' असा अहवाल देतो, धनको पोलीस बंदोबस्ताचा अर्ज करतो, आणि पुढच्या वेळी गाडीतून शिपाई उतरतात तेव्हा सगळी गल्ली बघायला जमते. वर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा. पैशाच्या अडचणीतल्या माणसाला आपण फौजदारीत ढकलतो, तेही मदत म्हणून.

बेलीफाला आत येऊ द्या, बसायला द्या, पाणी विचारा. तो कोर्टाचा नोकर आहे, सावकाराचा नाही. मग त्याच्याशी कायद्यानं बोला. कलम ६० मध्ये काय जप्त करता येत नाही त्याची यादी आहे आणि ती आपल्या माणसांच्या फार उपयोगाची आहे. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रूढीप्रमाणे बाईनं अंगावेगळे करू नयेत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची औजारं, आणि पोट भरण्यासाठी कोर्टाला गरजेची वाटतील तेवढी जनावरं आणि बियाणं. शेतकऱ्याचं, मजुराचं किंवा घरगडी-मोलकरणीचं स्वतःचं राहतं घर. मजुराची मजुरी. एक खबरदारी मात्र प्रत्येक वेळी सांगा: तेच घर त्याच कर्जाला गहाण दिलेलं असेल, तर या यादीचा आधार मिळत नाही. आणि सातबारावर नाव आहे पण पोट किराणा दुकानावर चालतं, अशा माणसाला शेतकरी म्हणून ही सवलत मिळेलच असं नाही.

एरंडोल तालुक्यातल्या एका घरातली जप्ती सांगतो. ओट्यावर बेलीफ, दोन पंच, धनकोचा माणूस. नवऱ्यानं घेतलेल्या उसनवारीचा हुकूमनामा होता. बेलीफानं यादी लिहायला घेतली: टीव्ही, लोखंडी कपाट, फवारणीचा पंप, शिलाई मशीन. घरातल्या सूनबाई मशीनपाशी उभ्या राहून एवढंच म्हणत होत्या, 'हे माझं आहे, मी ब्लाउज शिवते.' धनकोचा माणूस म्हणाला, नवऱ्याच्या घरात आहे म्हणजे नवऱ्याचंच. आमच्याबरोबरच्या स्वयंसेविकेनं आवाज न चढवता बेलीफाला सांगितलं, 'साहेब, मशीन नेऊ नका असं मी म्हणत नाही. ताई काय म्हणतात ते पंचनाम्यात लिहा, फवारणी पंप शेतीचं औजार आहे हेही लिहा, आणि त्यांची सही घ्या.' बेलीफानं दोन्ही लिहिलं. टीव्ही आणि कपाट गेलं. मशीन आणि पंप गावातल्या एका जबाबदार माणसाच्या ताब्यात सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायला दिल्याच्या लेखी कागदावर, तिथेच राहिले. नंतर सूनबाईंनी आदेश २१, नियम ५८ खाली स्वतःच्या नावानं हरकत अर्ज दिला, शिलाईच्या कमाईची वही आणि मशीनची पावती जोडली, आणि मशीन मोकळं झालं. पंचनाम्यातली ती दोन वाक्यं नसती, तर नंतर कोर्टाला पटवणं खूप जड गेलं असतं. बेलीफाशी भांडायचं नाही, त्याच्याकडून लिहून घ्यायचं, हे मी स्वयंसेवकांना सांगतो ते अशा अनुभवांवरून.

'जेलमध्ये टाकतील' ही भीती वेगळी काढून बोला. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक करता येत नाही, कलम ५६ आहे. पुरुषाच्या बाबतीतही कोर्टाला आधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि ऐपत असून तो देत नाही किंवा मालमत्ता लपवतो, असं काहीतरी दिसावं लागतं. निव्वळ गरिबीपायी दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या प्रकरणात सांगितलं आहे. चेक बाउन्सची गोष्ट निराळी. तिथे समन्स-वॉरंट फौजदारी कोर्टाचं असतं, तारखेला हजर राहावंच लागतं, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर खटलाच उभा राहत नाही. कोरा चेक सही करून दिलेला असेल तर ते पहिल्याच बैठकीत विचारून घ्या. लोक संकोचानं सांगत नाहीत.

कागद घ्यायचा की नाही, या वादात मी ठाम एका बाजूला आहे. कागद घ्यायचा. समन्स नाकारलं की ते दाराला चिकटवलं जातं किंवा पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा येतो, आणि कायदा ते मिळालं असंच धरतो. मग दावा एकतर्फी निघतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला ३० दिवसांची मुदत असते आणि 'कागद नाकारला म्हणून कळलं नाही' हे कारण कोणी ऐकत नाही. याहून मोठं नुकसान हप्त्यांचं होतं. दावा चालू असताना हजर राहून अडचण मांडली, तर हुकूमनाम्यातच हप्ते पाडून द्यायचा अधिकार कोर्टाला आहे, समोरच्याची संमती नसली तरी. हुकूमनामा होऊन गेल्यावर हप्ते हवे असतील तर धनकोची संमती लागते. आदेश २०, नियम ११ वाचून बघा. ज्या माणसाला सात-आठ हप्त्यांत मोकळं होता आलं असतं, तो कागद न घेतल्यामुळे एकरकमीच्या वॉरंटापर्यंत जातो. हप्ते मागताना महिनेवारी मागू नका. आपल्याकडे कापसाचा पैसा दिवाळीनंतर येतो, केळीचा बाग कापणीला आला की येतो, मजुराचा पैसा कापूस वेचणीच्या दिवसांत येतो. डिसेंबर आणि मार्च असे दोन मोठे हप्ते आणि मध्ये थोडं थोडं, असा अर्ज केला तर तो पाळलाही जातो.

सहीबद्दल भाऊंचं म्हणणं अर्धं खरं आहे. कागद मिळाल्याची सही म्हणजे कर्ज कबूल केल्याची सही नव्हे. 'मिळाली' लिहून तारीख घाला, बस. कोरा कागद, कोरा बाँड, कोरा चेक किंवा वाचून न दाखवलेलं कबुलीपत्र यावर मात्र सही नाही, समोर कोणीही असो.

आता पतसंस्था. खान्देशात पतसंस्थांचं जाळं किती दाट आहे ते तुम्हाला सांगायला नको. इथे येणारा माणूस बेलीफ नसतो. तो वसुली अधिकारी असतो, आणि त्याला हलक्यात घेणारे फसतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली सहायक निबंधकांकडून वसुली दाखला निघतो. त्या दाखल्यावर, कलम १५६ आणि १९६१ च्या नियमांतल्या नियम १०७ प्रमाणे, वसुली अधिकारी मागणी नोटीस देऊ शकतो, जप्ती करू शकतो, लिलावही काढू शकतो. दिवाणी कोर्टात मनाई मागायला गेलात तर कलम १६३ आडवं येतं. वरच्या अधिकाऱ्याकडे कलम १५४ खाली पुनरीक्षणात, म्हणजे फेरतपासणी मागायला, जायचं, तर दाखल्यातल्या येणे रकमेच्या ५० टक्के आधी संस्थेत भरावे लागतात. ज्याच्याकडे हप्ता नाही तो निम्मी रक्कम कुठून आणणार? पतसंस्थेच्या प्रकरणात बोलायची खरी जागा एकच, १०१ च्या अर्जावर सहायक निबंधकांपुढची तारीख. त्या नोटिशीला लोक संस्थेचं नेहमीचं पत्र समजून फडताळात टाकतात. ताईंचा 'पहिल्याच दिवशी वकील' हा सल्ला इथे सर्वांत मोलाचा आहे, फक्त दिशा कोर्टाची नको, निबंधक कार्यालयाची हवी. तिथे कर्जखात्याचा उतारा मागा, व्याज-दंडव्याजाचा हिशेब मागा, भरलेल्या पावत्या दाखल करा. दाखल्यातली रक्कम त्या तारखेलाच कमी होऊ शकते.

पतसंस्थेच्या प्रकरणात जामीनदार हा फार दुखरा विषय आहे. मेव्हणा, शाळेतला सोबती, शेजारचा पेन्शनर यांनी 'फक्त सही' केलेली असते. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच आहे. आधी कर्जदाराकडे जा मग माझ्याकडे या, असं तो संस्थेला सुनावू शकत नाही. त्यानं भरलं तर ते कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क त्याला करार अधिनियमाच्या कलम १४५ नं मिळतो, म्हणून प्रत्येक पावती स्वतःच्या नावानं घ्यायला सांगा. कर्जदार आणि जामीनदार दोघेही तुमच्याकडे आले, तर दोघांना एकाच स्वयंसेवकानं सल्ला देऊ नये. त्यांचं हित एक नसतं.

आणखी एक, माझ्या मनातलं. पतसंस्थेचा पैसा कोणा शेठचा नसतो. तो निवृत्त शिक्षकाच्या, विधवा बाईच्या ठेवीतून आलेला असतो. आपल्या भागात अडकलेल्या ठेवींसाठी म्हातारी माणसं संस्थांच्या पायऱ्या झिजवताना मी पाहिली आहेत. ऐपत असलेल्या कर्जदाराला पळवाटा शिकवायला मी तयार नाही. ऐपत नसलेल्याचं घरदार वाचवणं आणि ऐपत असलेल्याची वसुली लांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तुमच्या केंद्रानं पहिलंच करावं असं मला मनापासून वाटतं.

बँकेच्या गहाण कर्जाचं थोडक्यात. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली (बँकेला गहाण मालमत्ता दावा न लावता ताब्यात घेऊ देणारा कायदा) आधी ६० दिवसांची नोटीस येते. त्या मुदतीत लेखी हरकत दिली, तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही, कलम ३१ मध्ये ते स्पष्ट आहे. नोटिशीत शेताचा गट नंबर दिसला की तो मुद्दा हरकतीत पहिल्या ओळीत लिहा. घर गहाण असेल तर मात्र इथे स्टेची भाषा खरी आहे आणि वेळ अजिबात दवडू नये.

आता फायनान्सवाले, गाडी ओढणारे आणि मायक्रोफायनान्सचे वसुलीवाले. दार लावायचा सल्ला यांच्यासाठी बरोबर आहे. त्यांच्या हातात कोर्टाचं वॉरंट नसतं, १०१ चा दाखला नसतो. घरात शिरायचा, सामानाची यादी करायचा, ओट्यावर ठाण मांडायचा कसलाही अधिकार त्यांना नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. मायक्रोफायनान्स कर्जाला वेळ आणखी आखडती आहे, ९ ते ६. हप्ता ठरलेल्या जागीच घ्यायचा. कर्जदार तिथे लागोपाठ दोनदा आली नाही, तरच घरी किंवा कामाच्या जागी जाता येतं. कर्जदार बाईच्या घरासमोर तिच्या कर्जगटातल्या बाकीच्या बायकांना रात्री नऊपर्यंत बसवून ठेवणं हे कुठल्याही नियमात बसत नाही. तारीख, वेळ, माणसाचं नाव लिहून ठेवा, कंपनीकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. धमकी, शिवीगाळ, अंगाला हात असेल तर थेट पोलीस. फक्त पतसंस्थेची तक्रार लोकपालाकडे पाठवू नका. पतसंस्था निबंधकांच्या अखत्यारीत येतात, तिकडून नुसता अर्ज परत येतो आणि मधले दिवस वाया जातात.

विनापरवाना सावकार आला असेल तर त्याच्याशी हिशेबाच्या वाटाघाटीत शिरू नका. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. कर्जापोटी शेताचं खरेदीखत लिहून घेतलं असेल, तर ते तपासून जमीन परत देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपड्याकडचा आदिवासी खातेदार असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आठवा. त्याची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय जाऊ शकत नाही, आणि त्यात कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या बजावणीतली विक्रीसुद्धा धरली आहे. हा मुद्दा लिलावाच्या आधी मांडायचा असतो.

'काहीतरी भरा' या सल्ल्यावर चांगल्या चांगल्या सल्लागारांमध्ये खरा मतभेद आहे, आणि तो कागद वाचूनही पूर्ण मिटत नाही. भरल्यानं समोरचा नरमतो, लिलाव पुढे जातो, माणसाला झोप लागते. हे फायदे मी नाकारत नाही. पण मुदतीच्या आत थोडी रक्कम भरली की, आणि तिची लेखी नोंद असली की, दाव्याची तीन वर्षांची मुदत पुन्हा नव्यानं मोजली जाते. लेखी कबुली दिली तरी तसंच. मुदत संपून गेलेल्या कर्जावर 'मी देईन' असं सही करून लिहून दिलं, तर करार अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे तो नवा करार होतो. जुन्या उसनवारीच्या चिठ्ठीवर कोणी 'फक्त दोन हजार द्या आणि इथे सही करा' म्हणत असेल, तर आधी तारखा बघा.

दरखास्त चालू असताना आणखी मोठा धोका आहे. धनकोच्या हातात दिलेले पैसे कोर्टाच्या नोंदीत आपोआप येत नाहीत. आदेश २१, नियम २ प्रमाणे कोर्टाबाहेरचा भरणा नोंदवून घ्यावा लागतो आणि ऋणकोच्या अर्जाला ३० दिवसांचीच मुदत आहे. नोंद नसेल तर बजावणी करणारं कोर्ट तो भरणा धरतच नाही. चहाच्या टपरीवर साक्षीदार ठेवून मोजलेले चाळीस हजार वॉरंटातून वजा झाले नाहीत, असं मी पाहिलं आहे. म्हणून भरायचं तर कोर्टात भरा किंवा बँकेतून पाठवा आणि पावती दरखास्तीत दाखल करा. संस्थेत भरलं तर छापील पावती, वसुली माणसाच्या डायरीतली नोंद चालणार नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर: पुढच्या महिन्यात पुन्हा भरता येणार नाही अशी रक्कम आज भरायला सांगू नका. आणि उसने काढून तर नाहीच. एका गटाचा हप्ता दुसऱ्या गटातून, दुसऱ्याचा गळ्यातली पोत गहाण ठेवून, हे चक्र आपल्या गावोगावी चालू आहे, आणि 'काहीतरी भरा' म्हणणारा सल्लागार नकळत त्याला वंगण घालतो. मार्चअखेरीस वसुलीचा रेटा सगळ्यांत जास्त असतो. त्याच पैशावर मे-जूनचं बियाणं आणि खत अवलंबून असतं. बियाण्याचे पैसे देऊन टाकले की पुढच्या वर्षीचे सगळेच हप्ते बुडतात. आधी घराचं रेशन, लाईट बिल, मुलांची फी आणि पेरणी कागदावर मांडा. उरेल तेवढ्याचाच प्रस्ताव लेखी द्या.

'थांबा, कर्जमाफी येईल' असंही पारावर सांगितलं जातं. २०१७ ची कर्जमाफी आणि २०१९ ची महात्मा जोतिराव फुले योजना, दोन्ही बँका आणि विकास सोसायट्यांच्या शेतीकर्जासाठी होत्या. पतसंस्थेचं घरकर्ज, फायनान्सचा ट्रॅक्टर, गटाचं कर्ज त्यात नव्हतं. या भरवशावर कोणाला तारीख चुकवू देऊ नका.

लोकअदालतीबद्दलही तुमच्यात दोन मतं असतील. मी तिच्या बाजूचा आहे, पण सही करण्याआधी तडजोडीचा कागद मोठ्यानं वाचून घ्या. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. 'एक हप्ता चुकल्यास संपूर्ण रक्कम व्याजासह' हे वाक्य बहुतेक तडजोडींत असतं. ते दोन लागोपाठच्या हप्त्यांवर आणून घ्या, तारखा पिकाप्रमाणे पाडून घ्या. समोरचे बऱ्याचदा ऐकतात, कारण त्यांनाही प्रकरण मिटवायचं असतं. वकील परवडत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींनाही. हेल्पलाईन १५१०० आहे.

सल्ला देताना समोरच्या माणसाकडे नीट बघा. जो भांडतो, रडतो, शिव्या देतो त्याच्याबद्दल मला कमी काळजी वाटते. जो काहीच बोलत नाही, कागद नुसता घडी करत राहतो, 'आते काय करू' एवढंच म्हणतो, त्याला एकट्याला घरी पाठवू नका. बायकोला, भावाला फोन करा, फवारणीचं औषध घरात कुठे ठेवलं आहे ते त्यांना हलवायला सांगा, दुसऱ्या दिवशी कोणीतरी जाऊन या. आपल्या भागात हे काम कायद्याच्या सल्ल्याइतकंच गरजेचं आहे. आणि कायद्याचे सगळे मार्ग सांगून झाल्यावर कोणता घ्यायचा, ते त्याला ठरवू द्या. भाऊ, ताई, तुमची तिघांची मतं त्याच्यासमोर भांडू नयेत. आधी आपसात बोला, मग एकानंच बोलावं.

जप्तीच्या दिवशी तुमच्यातल्या कोणी तिथे हजर राहावं का, हेही तुम्ही विचारलं आहे. राहावं, पण एकानं किंवा दोघांनी. दहा जण गेले की त्याचा जमाव होतो आणि बेलीफ अहवालात तसं लिहितो. बरोबर एक वही, पेन, कलम ६० ची मराठीत लिहिलेली यादी, घरातल्या वस्तूंच्या पावत्या. व्हिडिओ काढायचा तर सांगून काढा. पंचनाम्यात काय लिहिलं ते वाचून घेतल्याशिवाय घरच्यांची सही होऊ देऊ नका, आणि जे पटत नाही ते सहीच्या वर त्यांच्याच अक्षरात लिहू द्या. दुसऱ्या दिवशी कोर्टात नकलेचा अर्ज टाका. घर किंवा शेत दरखास्तीत लिलावात गेलंच, तरी प्रकरण संपलेलं नसतं. विक्रीच्या तारखेपासून ६० दिवसांत जाहीरनाम्यातली रक्कम आणि घेणाऱ्यासाठी बोलीच्या ५ टक्के कोर्टात भरले, तर आदेश २१ च्या नियम ८९ खाली विक्री रद्द होते. जाहीरनाम्यात किंवा विक्रीत मोठा गोंधळ अथवा लबाडी झाली असेल आणि त्यानं खरं नुकसान झालं असेल, तर नियम ९० चा अर्जही त्याच ६० दिवसांत करायचा असतो. पतसंस्थेच्या नियम १०७ खालच्या लिलावात मुदत याहून कमी, ३० दिवसांची आहे. लिलाव कोणत्या कायद्याखाली झाला ते बघून, शेवटची तारीख त्याच दिवशी घरच्यांना लिहून द्या.